वागाडुगू, व्हाया परंडा

बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू. तुम्ही विचारलं नव्हतं, मान्य. पण जगातल्या राजधान्या पाठ असलेल्या माणसाचं दुखणंच हे की त्याला कुणी विचारत नाही. विषय त्यालाच तिकडे ओढत न्यावा लागतो. भूमचे पाहुणे शेळ्यांचे भाव सांगू लागले की मला मंगोलियातल्या शेळ्या आठवतात, आणि तिथून उलानबातर हाकेच्या अंतरावर. कुणी म्हणालं, यंदा धाराशिवात ऊन भलतंच, की मी हळूच खार्तूमचं ऊन काढतो. समोरचा ‘असंल बाबा’ म्हणतो, बडीशेप तोंडात टाकतो आणि उठतो. मला मात्र ते समाधान संध्याकाळपर्यंत पुरतं.

ही खोड वडिलांनी लावली. आल्यागेल्यासमोर इतरांची पोरं कविता म्हणायची, मी चाडची राजधानी सांगायचो. ‘इचारा, कुठलाबी देश इचारा,’ असं वडील म्हणायचे आणि पाहुण्यांची पंचाईत व्हायची, कारण विचारायला आधी देश माहीत हवा. बहुतेकांची मजल पाकिस्तानपुढे जायची नाही. एखादा धीट पाहुणा जपान म्हणायचा. मग वडीलच ठरलेले देश बाहेर काढायचे: मादागास्कर, होंडुरास, ब्रुनेई. अंतानानारिवो! तेगुसिगाल्पा! बंदर सेरी बेगावान! बरोबर की चूक हे सांगणारा बैठकीत कुणी नसायचा, त्यामुळे न अडखळता म्हणणं एवढीच परीक्षा. तिच्यात मी दरवेळी पहिला आलो. दुसरा नव्हताच.

मोठ्या माणसांनाही काही राजधान्या ठाऊक होत्या, फक्त त्या रेडिओवरून आलेल्या. ताश्कंद माहीत, कारण जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी तिथे गेले. ढाका १९७१ च्या युद्धामुळे. आणि पोर्ट ऑफ स्पेन गावसकरमुळे. त्याच वर्षी तिथे त्याने एका कसोटीत १२४ आणि २२० काढले होते. हे गाव त्रिनिदाद आणि टोबॅगोची राजधानी आहे, ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ. क्रिकेटने आम्हाला किंग्स्टन, ब्रिजटाऊन, जॉर्जटाऊन, हरारे फुकट शिकवलं आणि ऑस्ट्रेलियाच्या वेळी दगा दिला. २०१९ पर्यंत कॅनबेरात कसोटी सामनाच झाला नव्हता. मग पोरं सिडनी की मेलबर्न यावरच भांडणार, दुसरं काय करणार?

कच्चा गडी कॅनबेरापाशी थांबतो. पक्का गडी बोलिव्हिया काढतो: घटनेप्रमाणे सुक्रे, सरकार बसतं ला पाझमध्ये. माझ्यासारखा त्याच्यावर दक्षिण आफ्रिकेच्या तीन राजधान्या टाकतो आणि शेवटी नाउरू. या देशाला अधिकृत राजधानीच नाही. ‘नाही’ हे उत्तर देताना माझा चेहरा कसा होतो, याची नक्कल घरातलं लहान लेकरूही करून दाखवतं.

माझी भाची तलाठी भरतीसाठी अभ्यासिकेत बसते. तिला मी कझाकस्तान समजावून सांगितलं. आधी अल्माटी; १९९७ मध्ये राजधानी अक्मोलाला हलली; १९९८ मध्ये अक्मोलाचं आस्ताना झालं; २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव पायउतार होताच त्यांच्या नावाने नूरसुलतान; २०२२ मध्ये पुन्हा आस्ताना. भाचीने शांतपणे ऐकून घेतलं. ‘मामा, आपल्या गावाचंबी तसंच की,’ म्हणाली. खरंच होतं. आमच्या गावालाही एका राज्यकर्त्याचं, निजाम मीर उस्मान अली खान यांचं नाव होतं. २०२२ च्या जूनमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने धाराशिव ठरवलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली. कझाकस्तानची राजधानी आणि आम्ही, दोघंही जुन्या नावाला परतलो. मी पुढे बोलणार तोच ती म्हणाली, ‘एवढं पाठ करायचं नसतंय मामा. खाली चार पर्याय देतेत.’

चार पर्याय! तिथून माझं डोकं फिरलं ते परंड्याला जाऊनच थांबलं. कारण त्या चार पर्यायांत परंडा कधी नसतं.

आता थोडं सहन करा. १६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतलं. निजामशाही संपली असं दिल्लीला वाटलं. तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि कारभार मांडला तो परंड्याच्या किल्ल्यात. आमच्या जिल्ह्यातलं, आज ज्याची ओळख तालुक्याचं ठिकाण एवढीच आहे ते परंडा, काही वर्षं एका राज्याची राजधानी होतं. अंबर मूळचा इथिओपियाचा. (राजधानी अदिस अबाबा. राहवत नाही हो. पण ती १८८६ मध्ये वसली, म्हणजे खुद्द अंबरला हा प्रश्न सुटला नसता.) पुढे गादी जुन्नरला गेली. मुलूखमैदान तोफ परंड्यात होती, तीही १६३२ मध्ये आदिलशहाने विजापूरला नेली. आज लोक विजापूरला जाऊन तिच्याजवळ फोटो काढतात. परंड्याकडे बुरूज राहिले.

आणि तेर? पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी लिहून गेलाय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे आणि तिथला माल गाड्यांवरून भडोचला जातो. ते तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं. पुढे शिलाहार राजे कोकणात राज्य करायचे आणि स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घ्यायचे. ठाण्यात राहायचं आणि मोठेपणा तेरचा सांगायचा! हल्ली तेरची पोरं ठाण्यात खोली घेऊन राहतात आणि गावी येऊन मोठेपणा ठाण्याचा सांगतात. नळदुर्गाचं तर विचारूच नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिल्ह्याचं ठिकाणसुद्धा तेच होतं.

एवढं सगळं मी एकदा आजीला ऐकवलं होतं, ती असताना. ती खाटेवर बसून शेंगा फोडत होती. तिने उलट मलाच विचारलं, ‘राजधानी म्हंजी काय रं लेकरा?’ मी व्याख्या सांगितली. ती म्हणाली, ‘तुजा आजा हैदराबादला गेल्ता, जमिनीच्या कागदावर शिक्का माराया. कागद उर्दूत हुता, कुणालाच वाचता येईना. तुजा बाप ममईला गेला, त्योच कागद घिऊन, शिक्का माराया. जितं शिक्का ऱ्हातो ती राजधानी.’

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये हैदराबाद सुटून मुंबई आली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आजी एकाच वाड्यात, एकाच चुलीपाशी होती. राजधान्या तिच्या डोक्यावरून बदलत गेल्या. तिने त्यांतली एकही पाहिली नाही. मी एवढ्या राजधान्या पाठ केल्या, तिला एक दाखवून आणायला मात्र जमलं नाही. मुंबई दाखवायची होती. ती म्हणायची, ‘तुळजापूरला चल.’ मग आम्ही तुळजापूरला जायचो.

राजधान्यांनाही आम्ही आठवत नाही असं नाही. २०१८ मध्ये दिल्लीने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, ‘आकांक्षित जिल्हे’ असं गोड नाव देऊन. त्यात महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आम्ही. अभ्यासिकेतली पोरं ही चार नावंही पाठ करतात, कारण प्रश्न येऊ शकतो. आपल्याच जिल्ह्याचं नाव मागासांच्या यादीत आहे म्हणून एक गुण! याचा मला राग येतो, आणि वागाडुगू माहीत असल्याने तो कमी होत नाही. उद्या ही भाची तलाठी झालीच, तर सातबाऱ्यावर सही करताना तिला एनजामेना उपयोगी पडणार नाही. तिच्या दाराशी येणाऱ्या म्हातारीने शिक्क्यासाठी किती हेलपाटे घातले, हे विचारायची बुद्धी मात्र पडेल.

तेव्हा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, जिल्ह्यातल्या शाळांत प्रश्नमंजूषा घेणाऱ्या तमाम गुरुजींना आणि बाईंना कळकळीची विनंती. ब्राझील, तुर्कस्तान, नायजेरिया खुशाल विचारा. पण एक प्रश्न परंड्याचा टाका, एक तेरचा. पर्याय देऊ नका. आणि स्पर्धकांची वयाची अट थोडी सैल करता आली तर तेही बघा. मी मोकळाच असतो.