नाना खोटं बोलत नाहीत

कोथरूड-कर्वेनगर भागात भाड्याने घर शोधायला निघालेल्या माणसाला एक तरी नाना भेटतोच. कधी त्याला अण्णा म्हणतात, कधी भाऊ, कधी नुसतंच ‘सर’. झेरॉक्सच्या दुकानाला खेटून दहा बाय दहाचा गाळा, वर पाटी: ‘फ्लॅट, रो-हाऊस, एनए प्लॉट, अ‍ॅग्रीमेंट, पॅन कार्ड, लाईट बिल’. गाळ्यात पंखा चालू असतो, नाना नसतात. ते ‘साईटवर’ असतात. साईट म्हणजे समोरची चहाची टपरी.

एजंट म्हटला की लोक त्याला सरसकट थापाड्या ठरवून मोकळे होतात. नानांवर हा अन्याय आहे. थापा मारणं हे नवशिक्यांचं काम. थाप उघडी पडते आणि ब्रोकरेज बुडतं. नाना फक्त खरं बोलतात. त्यातलं कोणतं खरं कुणाला आणि किती सांगायचं, एवढाच त्यांचा धंदा.

‘मेट्रो पाच मिनिटांवर.’ खरं आहे. पहाटे साडेपाचला नानांच्या अ‍ॅक्टिव्हावरून राँग साईडने निघालं, की आयडियल कॉलनी स्टेशन पाच मिनिटांत येतं. ‘एरिया एकदम शांत.’ तेही खरं. त्या गल्लीत यायला रिक्षावाले तयारच नसतात. ‘पाण्याचं टेन्शन नाही.’ नसतंच, टँकर ठरलेल्या वारी न चुकता येतो. ‘वरच्या मजल्याचा त्रास नाही.’ कसा असेल? वर गच्ची आहे आणि मे महिन्यात ती खाली उतरते.

नानांची खरी दौलत म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक किल्लीला मेडिकलच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने खूण: ‘डहाणूकर, लिफ्ट बंद’, ‘मयूर, काकू’, ‘ओढ्याजवळ, कुत्रा’. गिऱ्हाईकाने चिकटपट्टी वाचायला मान वाकडी केली, की नाना जुडगा खिशात टाकतात. ‘ते आमचं अंतर्गत असतं, साहेब.’

गिऱ्हाईकाला नाना ‘पार्टी’ म्हणतात. पार्ट्यांचे दोनच प्रकार, फॅमिली आणि बॅचलर. तिशीतली दोन कमावती मुलं, वेळेवर भाडं देणारी, चहासुद्धा न पिणारी, ती बॅचलरच. याउलट बायको माहेरी, मुलगा होस्टेलवर आणि घरात रोज रात्री पत्त्यांचा अड्डा असला, तरी ती फॅमिली. नाना पहिल्यांदा आडनाव विचारतात. ‘अ‍ॅग्रीमेंटला लागतं म्हणून,’ असं वर सांगतात. अ‍ॅग्रीमेंट व्हायला अजून महिना असतो. मग हळूच, ‘नॉनव्हेजचं माझं काहीच नाही हो. ओनर खालीच राहतात आणि वास वरून खाली येतो, एवढंच.’

घर दाखवण्याचा क्रमही ठरलेला. आधी दोन अशी घरं, की बघून माणसाने गावी परत जायचा विचार करावा. एकात बाथरूमचं दार स्वयंपाकघरात उघडतं, दुसऱ्यात दारच नाही. नाना दोन्हींची तारीफ करत नाहीत. नुसतं भाडं सांगून गप्प राहतात. तिसरं घर साधंसुधंच असतं, पण दोन घरांच्या धसक्याने ते बंगल्यासारखं दिसायला लागतं. ‘बघा बुवा,’ नाना म्हणतात, ‘संध्याकाळी एक पार्टी टोकन घेऊन येतेय.’ हेही खरं. संध्याकाळी पार्टी येते, टोकनही आणते. फक्त दुसऱ्या घराचं.

यानंतर नाना फोन लावतात आणि आपल्यासमोर आपलंच वर्णन ऐकायला मिळतं. ‘काका, पार्टी एकदम डिसेंट. दोघंही आयटीत, दिवसभर घरात कुणी नाही. लाईट-पाण्याला वापरणारं माणूसच नाही म्हणा ना. आई आहेत त्यांच्या, पण त्या अधूनमधून.’ आई जूनमध्ये येते आणि एप्रिलमध्ये जाते. तेही अधूनमधूनच झालं. फोन ठेवून नाना आपल्याकडे वळतात. ‘ओनर एकदम डिसेंट. अमेरिकेला असतात मुलाकडे, कटकट नाही.’ वर्षातले सहा महिने ते असतात खरे. उरलेले सहा महिने आपल्या डोक्यावरच्या मजल्यावर, लाकडी खडावा घालून.

कायदा नानांना मुखोद्गत आहे. टपरीवर चहा ढवळत ते सुरू होतात. ‘पूर्वी १९४७चा भाडे कायदा होता. भाडेकरू एकदा वाड्यात शिरला की नातवंडांचं बारसं करूनही हलत नसे आणि भाडं वीस रुपयांच्या पुढे सरकत नसे. मालक घराला कुलूप घालत, पण भाड्याने देत नसत. आता १९९९चा कायदा आहे. कलम २४, मुदत संपली की घर खाली. बसून राहिलात तर दुप्पट पैसे. कलम ५५, करार रजिस्टर करायलाच हवा आणि जबाबदारी ओनरची. नाही केला तर तीन महिने आत किंवा पाच हजार दंड.’

‘म्हणजे रजिस्ट्रेशनचा खर्च ओनर करणार?’

‘जबाबदारी ओनरची म्हणालो,’ नाना चहा संपवतात. ‘खर्च पार्टीचा.’

करार अकराच महिन्यांचा का, हे मात्र कलमात नाही. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून १९०८च्या नोंदणी कायद्याने ही सवय लावली. महाराष्ट्रात आता अकरा महिने असोत की छत्तीस, नोंदणी चुकत नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये, हे ठरलेलंच. तरी नाना अकरावर ठाम. ‘पद्धत आहे,’ म्हणतात. बारावा महिना आला की नूतनीकरण येतं आणि नूतनीकरण आलं की नाना येतात, ही पद्धत.

कराराच्या दिवशी एक पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. काकांचा अंगठा उमटत नाही. पुसून झाला, फुंकून झाला, यंत्र लाल ते लालच. काकांना तो आपल्या मालकी हक्कावरचा संशय वाटायला लागतो. नाना शांतपणे पुढे होतात. ‘काका, कपाळाला घासा.’ काका घासतात, हिरवा दिवा लागतो आणि सगळे इतके खूश होतात की त्या भरात नाना ब्रोकरेजचा क्यूआर कोड पुढे करतात. एक महिन्याचं भाडं.

दहाव्या महिन्यात फोन येतो. मुलाचं लग्न ठरलंय, काकांना घर हवंय. ‘तुम्ही म्हणाला होतात, ओनर घर विकणार नाहीत,’ आपण कुरकुरतो.

‘विकलं का?’ नाना विचारतात. विकलेलं नसतं.

पुन्हा अ‍ॅक्टिव्हा, पुन्हा जुडगा, पुन्हा दोन भयंकर घरं आणि एक बरं. या वेळी ओनर घरातच असतात आणि नाना त्यांच्यासमोर आपली ओळख करून देतात. ‘फॅमिली एकदम डिसेंट. आधीच्या ओनरची एक तक्रार नाही.’

‘मग घर का सोडावं लागलं?’ ओनर चष्म्यावरून बघतात.

‘ओनरच्या मुलाचं लग्न ठरलं. तुमचे चिरंजीव केवढे?’

‘आठवीत आहे.’

नाना आपल्याकडे वळतात. चेहऱ्यावर समाधान मावत नसतं.

‘बघा साहेब. दहा-बारा वर्षं काळजी नाही!’