सतरा अक्षरी आडनाव

(उत्तर इंग्लंडातली जुन्या दप्तरांची कचेरी. टेबलाच्या अलीकडे खानदानी गृहस्थ, पलीकडे कारकून.)

गृहस्थ : आमच्या घराण्याचे कागद काढा. फॅनशॉ.

कारकून : हे घ्या. मूळचे डर्बीशायरचे.

गृहस्थ : अहो, ते लिहितात तसंच बोलणारे फॅनशॉ! आम्ही लिहितो फेदरस्टोनहॉ आणि म्हणतो फॅनशॉ.

कारकून : म्हणजे सतरा अक्षरं लिहायची आणि निम्मी गिळायची.

गृहस्थ : खानदानी माणूस अक्षरं मोजत बसत नाही.

कारकून : मला मोजावी लागतात, साहेब. फॉर्मवर चौकोन चौदाच आहेत. काहीजण फेस्टनहॉ असंही म्हणतात ना?

गृहस्थ : त्यांच्याकडे आमचं जाणंयेणं नाही. ते जाऊ द्या, नाव बघा, फेदर! शिरस्त्राणावर पिसांचा तुरा...

कारकून : पिसं ढालीवर आली ती मागाहून. इथलं ‘फेदर’ म्हणजे जुन्या इंग्रजीतले चार. तीन दगड उभे, वर एक आडवा. ‘हॉ’ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन. हॉल्टव्हिसलजवळ, साउथ टाइनच्या काठी फेदरस्टोनचा किल्ला आहे, तिथलं हे नाव.

गृहस्थ : म्हणजे आम्ही चारधोंडे?

कारकून : मी कुठे तसं म्हटलं!

गृहस्थ : असू दे. रक्त तर अस्सल आहे! आमचे सर टिमथी राजासाठी लढले. १६५१ मध्ये चेस्टरला शिरच्छेद झाला त्यांचा.

कारकून : खरंय. आता ससेक्सची शाखा. यांच्या आडनावात दोन अक्षरं कमी. अपपार्कचे सर हॅरी, सत्तरी उलटल्यावर १८२५ मध्ये बोहल्यावर चढले. नवरी विशीतली, त्यांच्याच दूधदुभत्यावर कामाला. माहेरचं नाव बुलक.

गृहस्थ : दुभत्याला बुलक?

कारकून : मूलबाळ झालं नाही. १८४६ मध्ये साहेब गेले, इस्टेट बाईंना. बाईंमागून त्यांच्या धाकट्या बहिणीला. तिनं बुलक टाकलं आणि तुमचं आडनाव लावलं. लेखक एच. जी. वेल्स यांची आई १८८० पासून हिच्याकडेच घर सांभाळायची.

गृहस्थ : पण रक्ताचं नातं?

कारकून : थेंबभर नाही. तिच्यामागून टर्नर आले, मग मीड. दोघांनीही आपल्या नावाला तुमचं जोडलं. वाडा हवा तर आडनाव घ्या!

गृहस्थ : आणि आता? वाडा कोणाकडे आहे?

कारकून : १९५४ पासून नॅशनल ट्रस्टकडे. त्यांनी तेवढं आडनाव बदललेलं नाही.