विनोदाचे आडते

धुळ्याहून सोलापुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता जेथे एकमेकांस भेटतात, त्या वडीगोद्री गावी ऊस, मोसंबी, पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी आणि वाटसरूंसाठी अहोरात्र उकळणारा चहा यांची ख्याती पंचक्रोशीस आहेच. परंतु विनोदी लेखकास लागणारे विषय, त्यास आवश्यक असा सल्ला आणि त्याच्या लेखनास मिळू शकणारी बाजारपेठ, या तिन्ही गोष्टी त्याच गावी, एकाच बाकावर, एकाच गृहस्थाकडून आणि तेही विनामूल्य मिळतात, या वस्तुस्थितीची दखल अद्याप कोणत्याही गॅझेटियरने घेतलेली नाही. ती उणीव यथाशक्ती भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखनाचा हेतू आहे.

या गृहस्थांना गाव ‘पेशकारसाहेब’ म्हणते. निजामी अमलात नायब तहसीलदारास पेशकार म्हणण्याचा प्रघात होता. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य लयास गेले, तरी हुद्दा मात्र मराठवाड्याच्या जिभेवरून उतरला नाही. वास्तविक आमचे पेशकारसाहेब अव्वल कारकून या पदावरूनच सेवानिवृत्त झाले. परंतु सरकारने हयातभर अडवून ठेवलेली बढती गावाने त्यांना निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी तोंडी हुकमाने बहाल केली, आणि लोकमताचा अव्हेर करण्याचा उद्धटपणा त्यांच्याच्याने झाला नाही. त्यांचे खरे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण ही व्यक्ती नसून वर्ग आहे. खामगावच्या वाचनालयात, सांगलीच्या कट्ट्यावर आणि डोंबिवलीच्या फलाटावर हेच गृहस्थ वेगवेगळ्या टोप्या घालून बसलेले असतात. टोपी नसेल तेथे चष्म्यावरून ओळखावेत.

मोंढ्यातील आडत्या ज्याप्रमाणे स्वतः गुंठाभर जमीन कसत नाही, तरी कोणत्या गावचा माल कसा, त्याला भाव काय आणि गिऱ्हाईक कोण, हे सारे शेतकऱ्यास त्याच्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगतो, त्याप्रमाणे पेशकारसाहेबांनी आयुष्यात विनोदाची एक ओळ लिहिलेली नसली, तरी विनोदाच्या समग्र उलाढालीवर त्यांची देखरेख असते. फरक इतकाच की, मोंढ्यातील आडत्या आडत कापून घेतो आणि हे केवळ चहावर भागवितात. चहाच्या कपांची संख्या मात्र विषयाच्या गांभीर्यावर अवलंबून असते.

प्रथम विषयांची आवक कशी होते ते पाहू. शाळा सुटल्यानंतर प्रस्तुत लेखक फाट्यावर दिसला रे दिसला, की पेशकारसाहेब बाकावरील धोतराचा सोगा आवरून जागा करतात आणि म्हणतात, “या गुरुजी, तुमच्यासाठी एक विषय राखून ठेवला आहे. दुसऱ्या कोणाला दिला नाही.” मग डावीउजवीकडे पाहून, आवाज खाली आणून, ते जो विषय देतात तो बहुतेक वेळा त्यांच्या चुलतभावाचा असतो. हा चुलतभाऊ दर वर्षी बांध वीतभर सरकवितो. या घटनेत आपल्याला जो विनोद दिसतो तो पेशकारसाहेब तपशीलवार सांगतात. परंतु सांगता सांगता त्यांचा चेहरा लालबुंद होतो, मोजणीच्या तारखा बाहेर पडतात, आणि शेवटी लेखकाने हा लेख केवळ छापून न थांबता त्याची एक प्रत भूमी अभिलेख कचेरीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी, अशी सूचना येते. विनोदी साहित्याकडून एवढ्या ठोस फलप्राप्तीची अपेक्षा बाळगणारा दुसरा समीक्षक माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या प्रतीचा माल भ्रमणध्वनीवरून येतो. तो साऱ्या महाराष्ट्रास सकाळीच पोचलेला असतो. तरीही पेशकारसाहेब तो दुपारी, स्वतः आधी पोटभर हसून घेऊन, मग सांगावयास आरंभ करतात, आणि हसण्यात निम्मे वाक्य वाहून गेल्यामुळे श्रोत्यास तो विनोद खरोखरच नवा वाटतो. तिसरी प्रत म्हणजे प्रवासी. फाट्यावर गाडी चुकलेला, चुकीच्या गाडीत बसलेला, बरोबर गाडीतून चुकीच्या ठिकाणी उतरलेला, असे मनुष्याचे तीन प्रकार त्यांनी पाडले असून, तिघांवर तीन लेख करावेत, एकाच लेखात तिन्ही उधळू नयेत, असा त्यांचा काटकसरीचा उपदेश असतो. प्रत्येक विषयाच्या शेवटी एकच अट: “माझं नाव कुठंही येता कामा नये.” आणि लेख छापून आल्यावर एकच तक्रार: “आमचं नाव कुठंच नाही!”

विषय हाती पडला म्हणजे सल्ल्याचे खाते उघडते. येथे पेशकारसाहेबांचे वाचन उपयोगी पडते, आणि ते वाचन, त्यांच्याविषयी कितीही थट्टा केली तरी, कच्चे नाही. मराठी विनोदाची पहिली पेढी ज्यांनी घातली ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे काही पुण्यामुंबईस बसून लिहीत नव्हते, खामगाव आणि जळगाव-जामोद अशा आडगावी वकिली करीत होते, आणि १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यांचा जो पहिला विनोदी लेख आला त्याचे नावच मुळी ‘साक्षीदार’ असे होते, हे ते अशा अभिमानाने सांगतात की, तो साक्षीदार जणू आपल्याच कचेरीच्या व्हरांड्यातून गेला असावा. कोल्हटकरांना गुरू मानणारे गडकरी ‘बाळकराम’ झाले, आणि चिं. वि. जोशी तर बडोद्यास पाली भाषा शिकवीत आणि पुढे त्या संस्थानच्या दफ्तरखान्यात अधिकारी झाले. या शेवटच्या तपशिलावर पेशकारसाहेब विशेष रेंगाळतात. “म्हणजे बघा गुरुजी, चिमणराव निघाला तो दफ्तरातून. दफ्तराशिवाय विनोद नाही.” नंतर ते हिशेब मांडतात: कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या अशी तीन पात्रे घेतली, जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ अशी दोन, तेव्हा हा उतरता क्रम ध्यानात घेता तुम्हांस एकच पात्र मंजूर करता येईल, जादा पात्राची मागणी असल्यास सबळ कारणे द्यावी लागतील.

विनोद लिहावा की लिहू नये, हा मूळ प्रश्नही त्यांनी एकदा निकाली काढला आहे. जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या खात्यावर मांडून ठेवली, हे सर्वश्रुत आहे. आणि गोदावरीच्या वरच्या अंगास, पैठणास, नाथांनी आपल्या भारुडांत जोश्यापासून गोंधळ्यापर्यंत नाना सोंगे आणून परमार्थालाही हसावयास लावले, हेही तितकेच सर्वश्रुत आहे. या दोन निकालांपैकी कोणता मानावा, असे विचारता पेशकारसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “दोन्ही निकाल कायम. फक्त अधिकारक्षेत्र बघायचं. जांब पूर्वी आपल्या अंबड तालुक्यातच होतं. नाथ पैठण तालुक्याचे. आपल्याला आपल्या तालुक्याचा निकाल लागू.” यावर, मग मी लिहिणे बंद करू काय, असे विचारता त्यांनी अपिलाचा मार्ग दाखविला: लेख वडीगोद्रीत न लिहिता पैठणास जाऊन लिहावा.

त्यांच्या सल्ल्याचा उत्तरार्ध वर्ज्य गोष्टींचा आहे. पुढाऱ्यांवर लिहू नये, कारण ते वाचत नाहीत, पण त्यांची माणसे वाचतात. जातीवर लिहू नये. देवावर लिहू नये. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरील उपोषणांच्या निमित्ताने या पंचक्रोशीतील गावांची नावे साऱ्या राज्याच्या तोंडी गेली, दोन्ही बाजूंची माणसे दुखावलेली आहेत, आणि दुखावलेल्या माणसासमोर गंमत करणे ही अक्कल नव्हे, हे त्यांचे म्हणणे मात्र मी थट्टेवारी नेत नाही. त्या दिवशी त्यांनी चहाही मागितला नव्हता. मग उरले काय, असे विचारले असता ते स्वच्छपणे सांगतात, “स्वतःवर लिहा. तुमच्या वतीने कोणी मोर्चा काढणार नाही.” मराठी विनोदकारांनी शंभर वर्षे जो मार्ग चोखाळला त्याचे इतके परखड समर्थन पाठ्यपुस्तकांतही आढळणार नाही.

आता बाजारपेठ. या शाखेत तर त्यांचा हातखंडा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी लेखकांस जो वार्षिक बाजार उघडून दिला, तो आजतागायत भरतो आहे, ही त्यांची मूळ भूमिका. मधुकर पाटकरांचा ‘आवाज’, त्यातील उघडल्यावाचून राहवत नाही अशा खिडक्यांची चित्रे, ‘जत्रा’, ‘मोहिनी’ अशी नावे ते मोंढ्याचे भाव सांगावेत तशी सांगतात: कोठे ग्रामीण मालास उठाव आहे, कोठे शहरी नवराबायको चालतात, कोठे पृष्ठांची मर्यादा आहे आणि कोठे मर्यादेचीच मर्यादा आहे. माल केव्हा पाठवावा याचेही वेळापत्रक आहे. आषाढात लेख पुरा व्हावा, श्रावणात रवाना व्हावा, आणि गणपती बसल्यानंतर पाठविणारा मनुष्य पुढील वर्षाच्या अंकासाठी पाठवितो आहे असे समजावे. रविवारच्या पुरवण्या, परभणीची आकाशवाणी, व्याख्यानमाला, गणेशोत्सवातील कथाकथन, हे किरकोळ विक्रीचे मार्ग. मानधनाचा प्रश्न काढला की मात्र ते आखडते घेतात. त्या रकान्यात बहुधा ‘भेट अंक’ असा शेरा असतो, एवढेच सांगून विषय बदलतात.

१९९८ मध्ये परळी वैजनाथ येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि द. मा. मिरासदार अध्यक्ष झाले, हा त्यांच्या मते बाजाराचा कळस. “विनोदाचा भाव मराठवाड्यातच चढला होता, गुरुजी. त्याच साली माल काढायचा. आता काय उपयोग?” त्या साली मी लिहीत नव्हतो, ही सबब त्यांनी ऐकून घेतली, पण ग्राह्य धरली नाही.

इतके सारे विषय देणाऱ्या या गृहस्थाकडचा अस्सल माल मात्र निराळ्याच कोठारात आहे, आणि त्याला ते हात लावू देत नाहीत. एके दिवशी कालव्याचा विषय निघाला. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची कोनशिला बसविली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरण राष्ट्रास अर्पण झाले. त्या सुमारास डावा कालवा खोदला जात असता एका खातेदाराचे आंब्याचे झाड त्यात गेले आणि मावेजाच्या यादीत ते लिहावयाचे राहिले. खातेदाराने अर्ज दिला. अर्जावर एका कचेरीने शेरा मारला की, सदर झाडाची समक्ष पाहणी होऊन अहवाल यावा. पाहणीस गेलेल्या इसमाने लिहिले: झाड जागेवर मिळून आले नाही, सबब पाहणी करता आली नाही. तेव्हा झाड समक्ष हजर करावे, अशी खातेदारास नोटीस निघाली. खातेदाराने पडलेला बुंधा बैलगाडीत घातला आणि कचेरीत आणून उभा केला. कचेरीने त्यास रीतसर आवक क्रमांक दिला. पुढे मिसल फिरत राहिली, बुंधा व्हरांड्यात राहिला आणि तिष्ठत असलेले अर्जदार त्यावर बसू लागले. अखेर मावेजा मंजूर झाला. पण बुंध्याचे लाकूड खातेदाराच्या कब्जात नसून सरकारच्या वापरात असल्याचे तपासनिसाच्या ध्यानी आले, आणि अर्जदारांस बसावयास परवानगीवाचून आसन पुरविल्याबद्दल खुलासा मागविण्यात आला.

मी हसू लागलो. पेशकारसाहेब गंभीरपणे म्हणाले, “कामून हसता, गुरुजी? आवक क्रमांक पडला होता.”

यावर लिहू काय, असे मी विचारताच ते बाकावरून उठलेच. “छे, छे! हा विनोदाचा विषय नव्हे. ही मिसल आहे.” आणि माझे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून त्यांनी चुलतभावाचा बांध पुन्हा एकदा सांगितला.

स्वतः का लिहीत नाही, असे त्यांस कोणी विचारले तर वेळ नाही असे उत्तर मिळते, आणि ते त्या बाकावर सकाळी आठापासून बसलेले असतात. त्याहून नाजूक प्रश्न असा की, ज्या अंकांचे भाव त्यांना तोंडपाठ आहेत, त्यांपैकी एखादा त्यांनी कधी विकत घेतला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर केशकर्तनालयाच्या मालकाकडे मिळते. त्याच्याकडील अंक पेशकारसाहेब दाढीच्या निमित्ताने वाचतात, आणि लेख लांब असेल तर दाढीनंतर केसही कापून घेतात. उरलेले अंक गुरुजींच्या भेटप्रतीवर भागतात. ती प्रत परत येते तेव्हा खिडक्या सगळ्या उघडलेल्या असतात.

महाराष्ट्रात विनोदास विषयांची वाण नाही, सल्लागार गावोगाव आहेत आणि दिवाळी अंकांचा बाजारही दर वर्षी भरतो. तुटवडा आहे तो रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा. तरी सुज्ञ वाचकांस विनंती की, यंदाच्या दिवाळीत निदान एक अंक शेजाऱ्याकडून न आणता दुकानातून विकत घ्यावा, तो सावकाश वाचावा, वाटल्यास नावेही ठेवावीत; मात्र पुढच्या लेखासाठी विषय सुचविणारे पत्र लेखकास धाडू नये. वडीगोद्रीचा पुरवठा पुरेसा आहे.