गडग्यावरून दिसलेलं नाटक

"काय गो, तुझा चेडू खय गेला? दोन दिस दिसाक नाय."

गडग्यापलीकडे काकी कुळीथ पाखडत होत्या. माझ्या हातात ओल्या कपड्यांची बादली. म्हणजे दोघींनाही काम होतं, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती.

"नाटकाच्या शिबिराला जाते, काकी. शाळेच्या हॉलमध्ये आहे. सकाळी लहान मुलं, दुपारी आठवी ते बारावीची, आणि संध्याकाळी सातनंतर मोठी माणसं."

"मोठी?" सूप थांबलं. "कोण कोण?"

नावं घेऊ नयेत हे खरं, पण गडग्याशी उभं राहून हातचं राखणं बरं नव्हे. "बँकेतले साहेब रोज असतात. परवा गाय झाले होते. चार पायांवर! आणि एसटीतल्या कंडक्टरने त्यांची धार काढली. चरवी नाही, काही नाही, पण आम्हा सगळ्यांना धारेचा आवाज ऐकू आला."

"बरो येळ होतो तो, कर्ज मागूक."

"आणि वरच्या आळीतल्या त्या दोघी जावा? तीन वर्षं बोलत नाहीत त्या? शिबिराच्या बाईंनी नेमकी त्यांचीच जोडी लावली, आरशाच्या खेळात. एकीने हात हलवला की समोरचीने आरशासारखा तस्साच हलवायचा. धाकटी मुद्दाम भराभरा हात उडवायला लागली, मोठीला जमू नये म्हणून. बाई म्हणाल्या, आरसा मागे पडला तर चूक आरशाची नाही, समोर उभी आहे तिची. मग झाली हळू. शेवटी शेवटी तर आरसा कोण आणि समोरची कोण, तेच कळेना."

"बोलली?"

"नाही. पण घरी एका रिक्षातून गेल्या."

"रिक्षाचे पैशे कोणी दिल्यान?"

काकींना मुद्द्याचं लगेच कळतं.

"मगे नाटक कधी आसा?"

"नाटक नाहीच! आमच्या बाईसाहेबांना वाटलं होतं, मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण मिळेल. पहिल्या दिवशी रडत आली, 'आई, पाठ करायला कागदच दिला नाही.' तिथे सगळं आयत्या वेळी सुचेल ते. इम्प्रोव्ह म्हणतात. एकाने म्हटलं, 'अगं, पुराचं पाणी आलं!' तर दुसऱ्याने 'कुठाय पाणी?' असं विचारायचं नाही. म्हणायचं, 'हो, आणि माझी एक चप्पल वाहून गेली!' आधी हो म्हणायचं, मग आपली भर घालायची. शिकागोच्या व्हायोला स्पोलिनबाईंनी असे पुष्कळ खेळ बसवले, निरनिराळ्या देशांतून आलेल्या घरांतल्या पोरांसाठी. १९६३ साली त्यांचं पुस्तकही निघालं."

काकी इतक्या हसल्या की मूठभर कुळीथ गडग्यावर सांडले.

"शिकागो? गो बाय, माझो बापूस दशावतारात राजाचा काम करी. कागद खयचो!"

मग सूप बाजूला ठेवून काकींनी सांगितलं. जत्रेच्या रात्री देवळामागे तोंडाला रंग लावता लावता कंपनीचा मुख्य माणूस आख्यान सांगायचा. आज राजा कोण, राक्षस कोण, कोणी कोणाला मारायचं. एवढीच तालीम. पुढे पेटी, मृदंग, झांज आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. पहाटेपर्यंत बोलायचं ते ज्याचं त्याने.

एका जत्रेत राजा आणि नारद बोलून बोलून दमले, तरी राक्षस येईना. नारदाच्या लक्षात आलं, गडी आत पेटाऱ्यावर घोरतोय. तो म्हणाला, "हे राजन, तुझ्या राज्यात राक्षस कसा दिसत नाही?" काकींचे वडील म्हणाले, "मुनिवर, माझ्या भयाने तो पाताळात निजला आहे. मृदंग गर्जेल तेव्हाच जागा होईल!" मृदंगवाल्याने अशी थाप मारली की राक्षस दचकून उठला आणि एका गालाचा रंग पुसलेला, तसाच गर्जत बाहेर आला. लोकांना वाटलं, केवढं हे सोंग!

"समोरच्याचो शब्द भुईक पडूक देवचो नाय," काकी म्हणाल्या. "बापूस तेवढाच सांगी."

मी सांगलीची. गप्प कशी बसणार? म्हटलं, "आमच्याकडेही १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपल्या मनाने बोलायची."

"सांगली मगे. आमच्या दशावतारातलो संकासुर तेच्या आदीचो."

हरले ते हरले, वर त्या भरात तोंडातून निघून गेलं, "तुमचा नातूसुद्धा दुपारच्या वर्गात काय बोलतो, काकी!"

"माझो नातू? तो ट्यूशनाक जाता."

झालं! आता शब्द गिळणार कुठे? नववीतलं पोर. घरात 'हो' आणि 'नाही' यापलीकडे आवाज नाही. सांगून टाकलं. चार दिवस भिंतीला चिकटून होता. पाचव्या दिवशी बाईंनी अगडमबगडम भाषेचा खेळ घेतला. अर्थ नसलेले शब्द, नुसता आवाज आणि हातवारे. त्यात चुकायला काही नसतंच ना! हा पठ्ठ्या त्या भाषेत मासळी विकायला बसला. घासाघीस काय, भांडण काय. वर्ग लोळला.

काकी काही बोलल्या नाहीत. कुळथातला एक खडा काढून टाकला.

तेवढ्यात फाटकाशी सायकल वाजली. मी बादली उचलली.

"खय होतंस रे?"

"ट्यूशनला."

आता सूप फेकून मारतात, असं मला वाटलं.

"होय," काकी म्हणाल्या. "आणि सरांनी आज काय शिकवल्यान?"

पोराने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. "बीजगणित."

"होय. आणि?"

"आणि... सरांनी फळ्यावर एक्स लिहिला. तो सापडेचना."

"होय. आणि मगे?"

"मग सर कपाटाखाली बघायला वाकले, तर तिथे मांजर बसलेलं, आणि त्याच्या तोंडात..."

मी पाठ करून उभी होते. एकच चादर तीनदा झटकून झाली, तरी त्याचं संपलं नव्हतं.