मालकशास्त्री

मालकशास्त्री हा फुटबॉलप्रेमींचा एक पोटप्रकार असून तो बारामती–इंदापूर रस्त्यालगतच्या गावांत, विशेषतः लासुर्णे आणि जंक्शनच्या परिसरात, संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावर आढळतो. मैदानावरची बावीस माणसे नक्की काय करतात, हे त्याला फारसे सांगता येत नाही. ऑफसाइड म्हणजे काय, असे कोणी विचारल्यास तो चहा सांगतो. परंतु संघाचा मालक कोण, त्याने संघ केवढ्याला घेतला, कोणाच्या सांगण्यावरून कोणाला काढला आणि त्यामुळे संघाचे ‘कल्चर’ कसे बिघडले, हा विषय निघाला की तो बाकड्यावर पाय वर घेऊन बसतो. त्याच्या लेखी फुटबॉल हे मालकाचा स्वभाव ओळखण्याचे नव्वद मिनिटांचे साधन आहे.

वय साधारण चाळीस ते पंचावन्न. अंगात पुतण्याचा जुना चेल्सीचा टी-शर्ट, त्यावरच्या सिंहाचा एक पाय धुण्यात गेलेला. चेल्सीशी त्याचे नाते एवढेच, की हे कापड लवकर वाळते. गाडीच्या हँडलला रिकामी किटली. घरी तीन एकर ऊस, रानात कोंबड्यांचे एक शेड आणि खिशात मोबाइल, ज्यावर तो सामना पाहत नाही, सामन्यानंतरची भांडणे पाहतो.

हा प्रकार याच टापूत का निपजला, याचे कारण पाण्यात आहे. नीरा डाव्या कालव्याने ऊस आणला, उसाने कारखाने आणले आणि कारखान्यांनी मालक हा विषय आणला. वालचंद हिराचंद यांनी कळंबशेजारी शेती आणि साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्या वसाहतीला त्यांचेच नाव लागले. भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे आणि त्याचे मालक कागदोपत्री हजारो सभासद आहेत. म्हणजे लासुर्ण्याच्या एका हाताला एका माणसाच्या नावाचे गाव, तर दुसऱ्या हाताला हजारो मालकांचा कारखाना. चेअरमन बदलला की वजनकाट्यापासून कँटीनच्या भज्यापर्यंत काय काय बदलते, हे इथले पोर मिसरूड फुटण्याआधी शिकते. वार्षिक सभेत अहवालाचे पान कोणते, यापेक्षा माइक कोणाच्या हातात आहे, हे ते आधी बघते. त्यामुळे मालकाचा हात ड्रेसिंगरूमपर्यंत पोहोचतो, असे इंग्रज समालोचक जेव्हा मोठ्या गंभीरपणे सांगतो, तेव्हा लासुर्ण्यात कोणालाही नवल वाटत नाही. ‘मग कुठवर पोचावा?’ एवढाच प्रश्न येतो.

बारामतीने खेळालाही अध्यक्ष पुरवलेले आहेत. शरद पवार २००५ ते २००८ या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि २०१० ते २०१२ या काळात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते. चेंडूला हात न लावता खेळ चालवता येतो, ही गोष्ट या भागात सिद्धान्त म्हणून सांगावी लागत नाही.

मालकशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स. १८७५ साली स्थापन झालेला आणि १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक असलेला हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे वेंकीज, या समूहाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. कोंबडीच्या धंद्यातला पुणेकर समूह इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या संघाचा मालक झाला, ही बातमी मुंबईत क्रीडापानावर वाचली गेली असेल. लासुर्ण्यात ती शेडवर वाचली गेली. पुढचा महिना संपायच्या आत व्यवस्थापक सॅम अॅलरडाइस यांना काढण्यात आले आणि स्टीव्ह कीन आले. २०११ मध्ये संघ पुण्याला आला, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. त्याच सुमारास एक जाहिरात निघाली, तिच्यात खेळाडू सामन्याआधी ड्रेसिंगरूममध्ये बसून मालकाच्या कंपनीची कोंबडी खाताना दिसत. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धचा सामना घरच्याच मैदानावर हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांपैकी कोणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्या कोंबडीकडे निषेध म्हणून पाहिले. मालकशास्त्र्याने तिच्याकडे कोंबडी म्हणून पाहिले. ‘ती ब्रॉयलर नव्हंच,’ हा त्याचा निर्णय आजतागायत कायम आहे. ‘ब्रॉयलर दहा पावलं गेली की बसती. ती पळत होती. गावरान असणार.’ म्हणजे आंदोलकांनी मालकाचा माल न वापरता बाहेरून आणला. हा मुद्दा इंग्लंडमध्ये कोणाच्याही ध्यानात आला नाही, याचा त्याला विषाद वाटतो.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले कापडगिरण्यांचे गाव. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी त्याच्या शेजारच्या डार्वेनला जाऊन आले होते. खादी आणि बहिष्कारामुळे ज्यांच्या पोटावर पाय आला होता, त्या गिरणी कामगारांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले. ऐंशी वर्षांनी पुण्याहून माणसे पैसे घेऊन गेली, तेव्हा स्वागत तेवढे टिकले नाही. फुटबॉलप्रेमी रोजगारावर आलेला घाला विसरतो, दुसऱ्या श्रेणीतली घसरण विसरत नाही.

या ग्रंथावर लासुर्ण्यात दोन भाष्ये प्रचलित आहेत. पहिले शेडवाल्यांचे. करारावर कोंबड्या सांभाळणाऱ्याला धंदा तोंडपाठ असतो: पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, शेड, पाणी, लाइट आणि जागरण शेतकऱ्याचे. चाळीसएक दिवसांनी गाडी येते, वजन होते, किती खाद्यात किती किलो भरले याचा हिशेब निघतो आणि त्यावर मजुरी ठरते. या हिशेबाला सगळे ‘एफसीआर’ म्हणतात. शेडवाला भाष्यकार हाच हिशेब आघाडीच्या खेळाडूला लावतो. पगार म्हणजे खाद्य, गोल म्हणजे वजन, जायबंदी खेळाडू म्हणजे मरतूक. व्यवस्थापक म्हणजे कंपनीचा सुपरवायझर, मोटारसायकलवर येऊन ‘तूस ओलं झालंय, पालटा’ असे सांगून जाणारा. तो बदलला म्हणून कोणी मोर्चा काढत नाही. २०१२–१३ च्या एका हंगामात ब्लॅकबर्नने कीन, बर्ग, अॅपलटन आणि बॉयर असे व्यवस्थापक पाहिले, यात शेडवाल्याला काहीच विशेष वाटत नाही. ‘आमच्याकडं एका लॉटला तीन आलेत,’ तो म्हणतो.

दुसरे भाष्य बारामतीला कॉलेजला जाणाऱ्या पोरांचे. ही पोरे मँचेस्टर युनायटेडची. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवले, हे त्यांना पाठ आहे. त्यावरून मँचेस्टरचे लोक जुन्या हिरव्या-सोनेरी रंगाचे मफलर गळ्यात घालून निषेध करतात, हेही ती सांगतात. क्लब म्हणजे शेड नव्हे, त्याला पिढ्यांचा इतिहास असतो, बोधवाक्य असते, मालक हा फक्त राखणदार, अशी त्यांची भूमिका.

या दोन पक्षांचा, म्हणजे पोरांचा आणि शेडवाल्या अप्पाचा, सामना असा होतो:

‘अप्पा, ब्लॅकबर्नचं बोधवाक्य हाय लॅटिनमधलं. कला आन् कष्टानं.’

‘बरं मग? कष्ट खेळाडूचं, कला मालकाची. चुकलं कुठं?’

‘आवो, प्रेक्षक नाय तर क्लब कसला?’

‘सभासद नाय तर कारखाना कसला, आसं आमी बी म्हणायचो. उसाची तोड कधी येती ते इचार.’

‘पन कर्ज काढून घेतला अन् बोजा त्याच क्लबवर चढवला!’

यावर अप्पा बराच वेळ गप्प बसतो. ‘सातबाऱ्यावर चढवला म्हन की,’ तो शेवटी म्हणतो, आणि पहिल्यांदाच मँचेस्टरच्या प्रेक्षकांविषयी त्याच्या मनात कणव उत्पन्न होते. हॉटेलवाला भज्यांचा घाणा काढतो. दोन्ही पक्ष खातात, पैसे मात्र खात्यावर.

जुना मालक विरुद्ध नवा मालक हे या शास्त्रातले सर्वांत रसाळ प्रकरण आहे. ब्लॅकबर्नला जॅक वॉकर नावाचे मालक होते. पोलादाच्या धंद्यात पैसा केलेले, त्याच गावचे. त्यांच्या पैशावर क्लबने १९९४–९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० मध्ये गेले. त्यांनीही खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतला, त्यांनीही मोठमोठे निर्णय घेतले. तरी त्यांचा पुतळा मैदानाबाहेर उभा आहे. मालकशास्त्र्याच्या मते फरक पैशाचा नव्हे, पत्त्याचा आहे. मालक गावातला असला की शिव्या द्यायला कोणत्या घरासमोर जायचे हे ठाऊक असते, आणि एवढे ठाऊक असले की शिव्या कमी द्याव्या लागतात. मालकशास्त्राने फुटबॉलच्या चर्चेत घातलेली ही खरी भर म्हणायला हरकत नाही.

देशी उदाहरणांत त्याचा आवडता विषय संजीव गोयंका. त्यांच्या पुण्याच्या आयपीएल संघाने २०१७ मध्ये धोनीला कर्णधारपदावरून हटवले आणि नावातल्या ‘सुपरजायंट्स’चा शेवटचा ‘स’ही काढला, त्या वर्षी संघ अंतिम सामना एका धावेने हरला. ती धाव म्हणजे तो ‘स’, असे लासुर्ण्यात मानणारे लोक आहेत. पुढे २०२० मध्ये फुटबॉलमधल्या मोहन बागानशी त्यांच्या एटीके संघाची जोडणी झाली. १८८९ च्या क्लबाच्या नावापुढे ‘एटीके’ लागले, आणि ते काढावे म्हणून कोलकात्यात बागानवाल्यांनी रान उठवले. २०२३ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकल्यावर मालकांनी ती अक्षरे काढण्याचे जाहीर केले. मागे मात्र ‘सुपर जायंट’ चिकटले. नावाच्या पुढचे काढायचे आणि मागे लावायचे, हे तंत्र मालकशास्त्र्याला पॅनेलच्या राजकारणातून चांगले परिचयाचे आहे.

पुण्याचे स्वतःचे फुटबॉल संघ या चर्चेत फार वेळ टिकत नाहीत, कारण ते मैदानातही फार वेळ टिकले नाहीत. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला आणि २०१५ मध्ये मिटला. हृतिक रोशन सहमालक असलेला एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढाच जगला. कल्चर बिघडायलाही थोडे आयुष्य लागते.

मालकशास्त्र्याला गप्प करायचे असल्यास कोल्हापूरचे नाव काढावे. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियम भरते, पेठेपेठेत वैर चालते, पण एकहाती मालक सापडत नाही. सगळी पेठच मालक. मग निर्णय कोण घेतो, हे मालकशास्त्र्याला उमगत नाही. ‘कोन तरी आसंलच,’ तो पुटपुटतो, आणि पंढरीच्या वाटेवर लासुर्ण्यातून जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीचे उदाहरण कोणी दिले की विषय बदलतो. पालखीला मालक नसतो, तरी बेलवाडीला रिंगण वेळेवर लागते, हे त्याने दरवर्षी डोळ्यांनी पाहिलेले असते.

शास्त्रीबुवांच्या परखडपणाला अंतराचा एक नियम लागू पडतो. ब्लॅकबर्न सात हजार किलोमीटरवर आहे, तेथील मालकाविषयी त्याचे मत अगदी रोखठोक. कोलकात्याविषयी किंचित मवाळ. पुण्याविषयी ‘दोन्ही बाजू बघाव्या लागतात’. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेला बक्षीस देणारे, टी-शर्टांवर आपला फोटो छापून घेणारे आणि अंतिम सामन्यात आपल्या पुतण्याला सलामीला पाठवणारे जे कोणी असतात, त्यांच्याविषयी त्याला काहीच मत नसते. त्याचा ऊस अजून तुटायचा असतो. संघाच्या कल्चरचा विषय अशा वेळी निघालाच, तर तो खेळपट्टीकडे पाहून म्हणतो, ‘पानी जास्त झालंय.’

ब्लॅकबर्न २०१७ मध्ये आणखी एक श्रेणी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला आणि पुढच्याच वर्षी वर आला. मालक तेच. वर आल्याचा शास्त्राला उपयोग नसल्याने लासुर्ण्यात ही गोष्ट दोन-तीन जणांनाच ठाऊक आहे.

इंग्लंडमधले शनिवारचे दुपारी तीनचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात. रात्रपाळीची थ्री-फेज लाइट आली की मालकशास्त्री त्या वेळी बॅटरी आणि खोरे घेऊन उसाला दारं धरायला गेलेला असतो.