पहिला उकार, दुसरा उकार

दोन तास फिरून घरी आलो आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, तर पावलं २,१४०. पुण्यात सोसायटीच्या आवारात मी तासाभरात सहा हजार करतो. तिथे मला अडवणारं कोणी नाही. वॉचमन ओळखतो, पण तो सलाम फक्त गाडीला करतो. वाईत मात्र मधल्या आळीतून निघून गणपती घाटावर पोचेपर्यंत सात जणांनी "कधी आलास?" असं विचारलं आणि त्यांतल्या चौघांनी उत्तराची वाट न बघता "आणि जाणार कधी?" हेही विचारून घेतलं. गावचा माणूस बाहेर राहायला गेला की गावाला त्याच्याबद्दल एवढ्या दोनच तारखा हव्या असतात.

दहा हजार हा आकडा डॉक्टरांचा. कारण पोट. हे पोट आजचं नाही. शाळेत मला 'ढोल्या' म्हणत. दुसऱ्या गावात ही चेष्टा झाली असती, आमच्याकडे तो जवळजवळ सन्मान. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, तेव्हापासून या गावात अंगाने भरलेल्या माणसाला मान खाली घालायचं कारण उरलेलं नाही. पाहुणे येतात, पुढून दर्शन घेतात, फोटो काढतात आणि जातात. मी त्यांना आवर्जून मागे नेतो. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर आपटतं, दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. देव आत निवांत. माझं साम्य फक्त पुढच्या बाजूचं. मागून मी सपाट. आयुष्यात जे जे पाणी आलं, ते थेट पाठीवर.

तर पावलं. या खेपेला ती कमी पडण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते माझ्या पिशवीत होतं. एका दिवाळी अंकात माझा लेख आला होता. अंकाच्या तीन प्रती घेऊन मी फिरत होतो. कोणी विषय काढलाच तर असाव्यात म्हणून. विषय कोणी काढेना. बाजारात हळदीच्या पोत्यांचा तो ओळखीचा, नाकात बसणारा वास घेत मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. दुकानदाराने पिशवीकडे पाहिलं. म्हटलं, आला विषय. तो म्हणाला, "पिशवी चांगलीय. पुण्यात घेतली?"

घाटावर तर एका तरुण जोडप्याने मला थांबवून सिनेमाचं शूटिंग नेमकं कुठे झालं ते विचारलं. वाईत हा प्रश्न रोजचा आहे. 'स्वदेस' मेणवलीत झाला, 'दबंग' इथे झाला, आणि २००३ च्या 'गंगाजल'मध्ये मी स्वतः आहे. म्हणजे जमावात माझा डावा कोपर आहे. बायकोने तो प्रसंग तीन वेळा थांबवून पाहिला आणि कोपर दुसऱ्या कोणाचा तरी असल्याचा निकाल दिला. तरीही मी त्या जोडप्याला कोपराचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं नाही, कोपराकडे मात्र पाहिलं.

हे सगळं एकट्याने फिरण्याचं झालं. वाईत खरं फिरणं अप्पांबरोबर. अप्पा माझे थोरले काका. गंगापुरीत विश्वकोशाचं कार्यालय आहे, तिथे त्यांनी उभा जन्म मुद्रितं तपासली. पहिला खंड १९७६ साली बाहेर आला, त्याची आठवण ते घरातलं पहिलं मूल झाल्यासारखी सांगतात. घरातल्या पहिल्या मुलाची सांगत नाहीत. तर्कतीर्थांसारखा माणूस प्रमुख संपादक असलेल्या कामात एक वेलांटी चुकली तर तोंड कुठे लपवायचं, या धास्तीत त्यांची जवानी गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला मुद्रितं उरली नाहीत, म्हणून त्यांनी गाव तपासायला घेतलं.

अप्पांबरोबर बाजारातून जाणं म्हणजे दर दुकानापाशी थांबणं. गिरणीवर पाटी होती, 'येथे पिठ दळून मिळेल.' अप्पा आत गेले.

"पिठ नाही, पीठ. अकारान्त शब्द. शेवटून दुसरं अक्षर दीर्घ."

गिरणीवाला म्हणाला, "बरं. मग 'पिठाची गिरणी' लिहिलं तर?"

"तर ऱ्हस्व."

"एकाच पिठाला दोन कायदे?"

"प्रत्यय लागला ना त्याला," अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "प्रत्यय लागला की दीर्घही ऱ्हस्व होतो. हा बघ, लग्नाआधी केवढा बोलायचा."

हे सगळं ते नियमाने बोलतात. चौदा नियम १९६२ चे, नंतरचे चार १९७२ चे, एकूण अठरा. लोक गीतेचे अध्याय म्हणतात तसे अप्पा हे अठरा म्हणतात. 'आणी' लिहिणाऱ्या एका किराणावाल्याला त्यांनी उन्हात उभं राहून समजावलं, की मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ खरा, पण 'आणि' आणि 'नि' हे दोघे अपवाद. किराणावाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अपवादांना पाटीवर घ्यायचंच कशाला मग?" त्याने 'आणी' खोडून तिथे '+' काढलं. 'तेल + तूप'. अप्पा या उत्तरावर दोन दिवस बेचैन होते. चूक नव्हती, हाच त्रास.

'दुध' या एका शब्दावर त्यांनी जेवढी पायपीट केली, तेवढी गवळ्यानेही केली नसेल. सलूनवाल्याचं 'कटींग', पूजेच्या दुकानातली 'पुजा', झेरॉक्सवाल्याचं 'काढुन'. सगळ्यांची दारं त्यांनी ठोठावली. कोणी हसलं, कोणी चहा दिला, एकाने तर "अप्पा, तुम्ही गिऱ्हाईक घालवताय" म्हणून हात जोडले. पण पाटी रंगवणारा पेंटर त्यांच्या बाजूने असायचा. त्याला उकार फिरवायला दोन मिनिटं लागत. ब्रश, थोडा रंग, झालं. एक सुटा चहा हा त्याचा दर.

मग फ्लेक्स आले. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. पेंटर कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. चौकाचौकांत चाळीस चेहरे आणि खाली 'हार्दीक शुभेच्छा'. फ्लेक्सवरच्या चुकीला ब्रश लागत नाही. वाढदिवस उलटून पाऊस पडेपर्यंत ती तशीच डोक्यावर लोंबते. अप्पांच्या शाळेतल्या दोस्ताच्या निधनाचा फ्लेक्स लागला, तोही 'भावपुर्ण श्रध्दांजली'. अप्पा त्याखाली बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, दोस्ताच्या आठवणीने. तेही असेल. घरी येताना म्हणाले, "माझा लावाल तेव्हा पू दुसरा काढा रे. आणि द ला ध, ध ला द नाही."

आता अप्पांना बोर्ड दिसतो, अक्षर दिसत नाही. मोतीबिंदू कधीच काढला. हे पडद्याचं आहे. समोर पाहिलं की मधोमध धुकं असतं आणि कडा तेवढ्या दिसतात. दुकान दिसतं, पाटीची चौकट दिसते, तिचा रंग दिसतो. नेमका मजकूर तेवढा जातो. मान तिरकी करून ते डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायचा प्रयत्न करतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, म्हातारा कोणावर तरी रुसलाय.

म्हणून या खेपेला वाचायचं काम माझ्याकडे आलं. अप्पांचा हात माझ्या कोपरात, त्याच त्या डाव्या, आणि मी एकेक पाटी मोठ्याने वाचतोय. नुसतं वाचून भागत नाही, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ आपल्या तोंडून सारखेच निघतात. शाळेत सांगायचो तसं सांगावं लागतं: पहिला उकार, दुसरा उकार, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी. भरबाजारात, पन्नाशीचा पोट सुटलेला माणूस 'सौंदर्यप्रसाधने'ची फोड करून सांगतोय. माझा जुना वर्गमित्र स्कूटरवरून गेला. थांबला नाही. पहिल्यांदाच कोणी "कधी आलास?" विचारलं नाही.

गंमत अशी, की आमच्या गल्लीपुरत्या पाट्या बऱ्याचशा शुद्ध निघाल्या. अप्पांनी वीस वर्षं राबून केलेल्या. मी वाचत होतो आणि ते नुसतं "हं" म्हणत होते. चार दुकानं झाली, पाच झाली, "हं" बारीक होत गेलं. मला ते बघवेना. मग डेअरीपाशी मी थोडं खोटं बोललो.

"दूध, दही, ताक. दू पहिला."

अप्पा थांबले. ताठ झाले. काठी रोवली. मला बरं वाटलं.

"पहिला?" त्यांनी मान तिरकी करून त्या निळ्या चौकटीकडे पाहिलं. "नीट बघ. ही पाटी मी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतलीय. पावसात. पेंटरवर छत्री धरली होती मी."

मी नीट बघितल्यासारखं केलं. "दुसरा आहे, अप्पा. माझंच चुकलं."

"तुझं चुकतंच," ते म्हणाले आणि चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर विचारलं, "तुझ्या त्या लेखाचं काय झालं? पिशवीत घेऊन हिंडतोयस म्हणे."

घाटाच्या पायरीवर बसून मी त्यांना पहिलं पान वाचून दाखवलं, उकार-वेलांट्यांसकट. दगड दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता. पहिल्या पानावर सहा चुका निघाल्या. दुसऱ्या पानावर चार. तिसऱ्या पानाला अंधार पडला म्हणून मी वाचलो. अप्पा उठताना म्हणाले, "विषय बरा आहे."

त्या दिवशीची पावलं १,३१२.

अंकाच्या तीनही प्रती अजून शिल्लक आहेत. आणि या लेखात कुठे ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली, तर कृपा करून मला कळवू नका. वाईला या, मधल्या आळीत अप्पांचं घर कोणीही दाखवेल, त्यांना सांगा.