नाट्य, अर्थ आणि बी.एड. : तपासणी समितीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय संलग्नता तपासणी समिती,
ग्वाल्हेर–चंबळ विभाग

विषय : नाट्य, अर्थशास्त्र व शिक्षक-प्रशिक्षण या तीन अभ्यासक्रमांनी एकमेकांची कामे परस्पर वाटून घेतल्याबाबत.

महोदय,

ग्वाल्हेरात हे तीनही अभ्यासक्रम रीतसर उपलब्ध आहेत. नाट्य व रंगमंचाचे शिक्षण २००८ साली स्थापन झालेल्या राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठात मिळते. अर्थशास्त्र १९६४ सालच्या जिवाजी विद्यापीठात मिळते, आणि त्याहून जुन्या, एके काळी व्हिक्टोरिया कॉलेज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालयातही मिळते. बी.एड. कुठेही मिळते.

कागदोपत्री वाटणी सोपी आहे. नाट्य विभागाने अभिनय शिकवावा, अर्थशास्त्राने बाजार समजावून द्यावा आणि बी.एड. महाविद्यालयाने शिक्षक घडवावेत. प्रत्यक्षातली वाटणी निराळी पडली आहे. अभिनय बी.एड.मध्ये होतो, बाजारही तिथेच भरतो, आणि शिक्षकाला लागणारे कसब नाट्य विभागात घोटून घेतले जाते. एकेकट्या बी.एड. महाविद्यालयांनी २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हावे, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते. या भागातील काही महाविद्यालयांनी ती मजल आधीच मारली असल्याने समितीच्या माहितीसाठी क्रमवार तपशील पुढे दिला आहे.

१. शिक्षणशास्त्र : रंगभूमीच्या अंगाने

प्रत्येक प्रयोगाला संहिता लागते. बी.एड.ची संहिता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या विनियमांत लिहून दिली आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस. वर्गातील हजेरी ८० टक्के, शाळेतील आंतरवासितेची ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची. दोन्ही वर्षांचे मिळून २०० छात्राध्यापक असतील तर १६ पूर्णवेळ अध्यापक. संहितेत ढिलाई नाही.

प्रयोगात मात्र दिग्दर्शकाला मोकळीक असते. ही संहिता निष्ठेने वाचणारी महाविद्यालये आहेत आणि त्यांचा या पत्राशी संबंध नाही. संबंध आहे तो ‘नॉन-अटेंडिंग’ या नावाने सर्वश्रुत असलेल्या शैलीशी. या शैलीत प्रवेश दलालामार्फत होतो. विद्यार्थी परप्रांतातून येतो, तो थेट परीक्षेच्या सकाळी. मधल्या काळात त्याची हजेरी दुसऱ्याच्या हाताने लागते, पाठ टाचणांच्या वह्या तयार मिळतात आणि सगळ्याचा मिळून एक दर ठरतो, त्याला पॅकेज म्हणतात.

या शैलीचा मुख्य प्रयोग तपासणीच्या दिवशी लागतो. भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्या दिवशी चारही पाहायला मिळतात. आहार्य अभिनयात वेशभूषा आणि सजावट येते : उसनी बाके, भाड्याचे संगणक, ओल्या रंगाची पाटी, पट्टीवर नाव लिहिलेले पण कुलूप न उघडणारे ग्रंथालय. आंगिक अभिनयात माना डोलावणे, फळ्याकडे बोट करणे आणि समिती वळली की त्याच विद्यार्थ्यांनी मागच्या दाराने पुढच्या वर्गात जाऊन बसणे येते. वाचिक अभिनय प्राचार्यांकडे असतो. सात्त्विक अभिनय म्हणजे घाम, कंप, आवाज फुटणे. तो सगळ्यांत अवघड मानला गेला आहे, पण कागदपत्रे मागताच तो आपोआप साधतो.

मराठी प्रायोगिक रंगभूमीला रंगमंचावरचे सामान कमी करत करत रिकाम्या अवकाशापर्यंत यायला काही दशके लागली. मुरैना जिल्ह्यातील झुंडपुरा येथील एका महाविद्यालयाने तर रंगमंचच वगळल्याचा आरोप आहे. हे महाविद्यालय प्रत्यक्षात नसताना त्याची तपासणी होत गेली आणि संलग्नता मिळत गेली, अशा तक्रारीवरून मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने जानेवारी २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. आरोपींमध्ये तपासणी करणारे प्राध्यापकही आहेत. आरोप सिद्ध झाला, तर प्रेक्षकही नटसंचातच होते, असा निष्कर्ष निघेल.

२. अर्थशास्त्र : प्रात्यक्षिकासह

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मायकल स्पेन्सचा १९७३ चा सिद्धांत शिकवतात. मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. पदवीने काही शिकवले नसले तरी चालते, ती मिळवायला कष्ट पडले पाहिजेत आणि ते कष्ट नालायकाला जास्त पडले पाहिजेत. ही अट सुटली की खूण निरर्थक होते. पॅकेजने ही अट सोडवली आहे. ज्याला शिकवता येते आणि ज्याला येत नाही, त्या दोघांना पदवी सारख्याच दरात पडते.

दुसरा सिद्धांत विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन यांचा. त्यांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. कारखान्यात यंत्र आले की माणशी उत्पादन वाढते. नाटकाचे तसे नाही. तीन तासांच्या नाटकाला आजही तीन तास आणि तितकेच नट लागतात. बाकी क्षेत्रांत पगार वाढले की इथेही वाढवावे लागतात, उत्पादन मात्र तेवढेच राहते. अर्थशास्त्रज्ञ याला खर्चाचा आजार म्हणतात. अध्यापनालाही हाच आजार जडलेला आहे, कारण एका मुलाला अपूर्णांक समजायला लागणारा वेळ गेल्या शंभर वर्षांत फारसा घटलेला नाही. जगभर या आजारावर औषध सापडलेले नाही. नॉन-अटेंडिंग बी.एड.ने ते शोधले : अध्यापक, विद्यार्थी आणि वेळ हे तीनही घटक वगळले की खर्च उरत नाही आणि शुल्क जसेच्या तसे राहते. या शोधाची दखल अजून स्टॉकहोमने घेतलेली नाही. दिल्लीने घेतली आहे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा हवाला देऊन २०२० च्या धोरणाने नमूद केले आहे की, दहा हजारांहून अधिक स्वतंत्र शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे प्रशिक्षण देण्याचा प्रयत्नही करत नाहीत, किंमत घेऊन पदव्या विकतात.

तिसरा मुद्दा गिऱ्हाइकाचा. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात सुरू झाला आणि त्यात गुरांचा बाजार मोठा असे. म्हैस घेणारा तिचे दात बघतो, धार काढून बघतो, कारण दूध आटले तर नुकसान त्याचेच असते. बी.एड.च्या बाजारात विकणारा समाधानी असतो आणि घेणाराही समाधानी असतो. नुकसान सोसतो तो या व्यवहारात कुठेच नसलेला तिसरा, म्हणजे शाळेतला मुलगा. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. खरेदीदाराची तक्रार नाही याचा अर्थ व्यवहार निर्दोष आहे असा होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगितले जाते.

घेणाराही नेहमी सुखरूप सुटतो असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी निकाल दिला की, प्राथमिक वर्गांवर शिकवण्यासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. तेथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागेल. ज्यांनी बी.एड.मध्ये शिकवणे शिकून घेतले होते त्यांच्याजवळ निदान शिकवणे उरले. पॅकेजवाल्यांजवळ पावती उरली.

३. नाट्य : अध्यापनविद्येच्या अंगाने

नाट्य विभागातील विद्यार्थी श्वास कुठून घ्यावा येथून सुरुवात करतो. ओरडल्याशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा न्यावा, पाठ प्रेक्षकांकडे किती वेळ असावी, कुठे थांबावे, समोरच्याचे लक्ष उडाले हे बोलता बोलता कसे ओळखावे आणि ठरलेले फसले तर काय करावे, हे त्याला रोज तालमीत करावे लागते. त्याची नॉन-अटेंडिंग आवृत्ती निघू शकत नाही, कारण प्रयोगाच्या रात्री तो स्वतःच उभा असावा लागतो आणि प्रेक्षक त्याच क्षणी निकाल लावतात.

बी.एड.नेही हे तत्त्व केव्हाच उसने घेतले आहे. सूक्ष्म अध्यापनाचे भारतात रूढ झालेले चक्र ३६ मिनिटांचे असते : सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. सोबतचे छात्राध्यापक मुलांच्या भूमिका करतात. ही तालीमच आहे. २०१४ च्या अभ्यासक्रमात तर ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा घटकच समाविष्ट आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ पासून शिक्षणासाठी नाट्य करणारी स्वतंत्र मंडळी चालवली आणि मुलांसोबत काम करणाऱ्या नटांना ते काम पेलते हे दाखवून दिले.

तरीही नाट्याच्या पदवीधराला सरकारी माध्यमिक शाळेत नियमित शिक्षक व्हायचे तर बी.एड. दाखवावे लागते. ते तो कुठून आणतो, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेतला आहे.

४. पूर्वदाखला

शिक्षक-प्रशिक्षण ग्वाल्हेरला जमत नाही असा समज होऊ नये. माधवराव शिंदे यांनी संगीत विद्यालय काढायचे ठरवले तेव्हा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा सल्ला घेतला. दरबारचे काही गवई आधी मुंबईला पाठवले गेले. गळा त्यांच्याजवळ होताच. त्यांनी भातखंड्यांकडून स्वरलेखन आणि वर्गात शिकवण्याची पद्धत शिकून घेतली. त्यांत राजाभैया पूंछवाले होते, जे पुढे मोठे शिक्षक म्हणून नावाजले. त्यानंतर, १९१८ मध्ये, माधव संगीत विद्यालय उघडले. म्हणजे आधी शिक्षक तयार झाले आणि मग दार उघडले. आज हा क्रम उलटा आहे : आधी मान्यता, मग इमारत, मग हजेरीपट, आणि शिक्षक सवडीने.

पैशाबाबतही दाखला आहे. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळते भांडवल लागले तेव्हा चार लाख पौंडांचे सगळेच्या सगळे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले. फळ यायला वेळ लागणाऱ्या कामात पैसा घालण्याची रीत या शहराला ठाऊक होती.

५. मागण्या

(अ) तपासणी पूर्वसूचनेशिवाय व्हावी. रोज तालीम करणाऱ्या संस्थेला तारीख आधी कळण्याची गरज नसते.

(आ) बी.एड.च्या अंतिम परीक्षेत प्रत्येक उमेदवाराने खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर पूर्ण तास घ्यावा. एक परीक्षक नाट्य विभागाचा असावा. समोर उभा असलेला माणूस भूमिकेत आहे की नुसता वेशात, हे त्याला लवकर कळते.

(इ) ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा घटक नाट्याच्या पदवीधरांनी पगार घेऊन शिकवावा.

(ई) प्रत्येक महाविद्यालयाने घेतलेले शुल्क आणि अध्यापकांच्या बँक खात्यात जमा झालेले वेतन यांचा ताळेबंद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी तपासून जाहीर करावा.

(उ) नॉन-अटेंडिंग शैलीच्या चालकांना अध्यापनातून मुक्त करून नेपथ्य विभागात मानद व्याख्याते नेमावे. व्याख्यानांना त्यांनी स्वतः हजर राहावे.

योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर.

कळावे,
इयत्ता सहावी ‘ब’च्या वतीने
(वर्गशिक्षकाचे पद रिक्त)